आजींची चारचाकी

पहिल्याच सकाळी माझ्या काळजात धस्स झालं. भाचीच्या सात वर्षांच्या मुलाने पायात सपाता सरकवल्या, टेबलावरची नाणी मुठीत घेतली आणि दार ओढून घेऊन तो एकटाच पाव आणायला निघून गेला. मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. "अगं, एकटा गेला तो!" भाची कांदा चिरत होती, तिने मान वर करूनही पाहिलं नाही. "जाऊ दे गं मावशी. रोज जातो."

मी गॅलरीत आले. दुसऱ्या मजल्यावरून खालचा रस्ता पुरा दिसत होता. पोरगा त्या रस्त्याच्या बरोबर मधून चालला होता, आदल्या दिवशी कुणीतरी खडूने काढलेल्या लांबलचक सापाच्या अंगावर पाय देत देत. समोरून सायकलवर एक बाई आल्या, त्यांनी वेग कमी केला, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि पुढे गेल्या. एवढीच काय ती रहदारी. धावणारी गाडी नव्हती हे लगेच दिसलं. कडेला उभी केलेलीसुद्धा एकही नव्हती, हे समजायला मात्र मला दोन-तीन मिनिटं लागली. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा आणि मधे उरलेली फट, एवढाच रस्ता माझ्या डोळ्यांच्या सवयीचा.

"आज कसली सुट्टी आहे का गं इथे?"

"नाही. मंगळवार आहे," भाची म्हणाली.

दहाएक मिनिटांत स्वारी परत आली. कागदी पिशवीत पाच पाव, त्यातल्या एकाचं टोक खाल्लेलं.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांना टेकून फ्रायबुर्ग हे गाव आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही देशांच्या सीमा जवळ. वस्ती सव्वादोन लाखांहून थोडी अधिक, म्हणजे साताऱ्याहून मोठं आणि कोल्हापूरहून लहान. जुन्या गावातल्या रस्त्यांच्या कडेने हातभर रुंदीचे पाण्याचे पाट वाहतात, आणि चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं असं तिथले लोक सांगतात. ते सगळं मी पाहिलं, फोटोही काढले. पण तीन आठवडे मी राहिले ती गावाच्या दक्षिण टोकाच्या वोबाँ या वस्तीत, आणि घरी परतल्यावर बोलावंसं वाटतं ते तिच्याचबद्दल.

वोबाँ हा सतराव्या शतकातला फ्रेंच इंजिनिअर. किल्ले बांधण्यात त्याचा हातखंडा होता, फ्रायबुर्गची तटबंदीही त्याने उभारली होती. त्याचं नाव फ्रेंच सैन्याने इथल्या छावणीला दिलं. 1930 च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बांधलेल्या बराकी दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांकडे आल्या आणि 1992 मध्ये फ्रेंच फौज निघून गेली. सुमारे 40 हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन मोकळी पडली. शहराला घरांची नड होती. काही रिकाम्या बराकींत तरुण मंडळी आणि विद्यार्थी शिरले, त्यांनी त्या स्वतःच्या हातांनी राहण्याजोग्या केल्या, आणि त्यातल्या काही आजही घरं म्हणून उभ्या आहेत. बाकीच्या जमिनीवर 1998 पासून नवी घरं उठू लागली. आता तिथे साडेपाच हजारांच्या आसपास माणसं राहतात. बंगल्यांची वसाहत नाही ही. चार मजल्यांपर्यंतच्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती, प्रत्येकीचा रंग निराळा. दाट वस्ती आहे, पण ती अंगावर येत नाही. सैनिकांच्या वेळची उंच झाडं वस्ती वसवणाऱ्यांनी तोडू दिली नाहीत आणि घरांच्या रांगांमधून हिरवळीचे रुंद पट्टे सोडले. मुख्य रस्त्याच्या बाजूने ट्राम जाते, तीही गवतातून. 2006 मध्ये ती आली. रुळांच्या मधे इतकं दाट गवत की ट्राम दिसेनाशी झाली की तिथे रूळ आहेत हेच विसरायला होतं.

"पण मग गाड्या कुठे गेल्या?" हे विचारायचं मी दुपारपर्यंत लांबवलं होतं.

"चल, दाखवते."

वस्तीच्या कडेला एक बहुमजली पार्किंग आहे, छतावर सौर पॅनेलं लावलेलं. तसंच आणखी एक दुसऱ्या बाजूला. ज्याला गाडी हवी त्याने तिथली जागा विकत घ्यायची. घराच्या किमतीत ती धरलेली नसते, तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि ते भरपूर असतात. गाडीवर बंदी नाही. सामान उतरवायला, म्हाताऱ्या माणसाला सोडायला ती दारापर्यंत आणता येते, मात्र माणसाच्या चालीने. काम झालं की परत नेऊन ठेवायची, दारात मुक्काम करायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी असते. तिच्यावर घर आहे, चेंडू खेळणारं पोर आहे, मोठं माणूस आहे आणि एक गाडीही आहे. पाटीचा कायदेशीर अर्थ असा, की या रस्त्यावर मुलांनी कुठेही खेळावं आणि गाडीने त्यांच्यासाठी थांबावं.

यातली खुबी मला हळूहळू कळली. बहुतेक घरांपासून ट्रामचा थांबा चालत पाच मिनिटांवर आहे. गाडीपर्यंत जायलाही तेवढंच, कुणाला त्याहून जास्तच चालावं लागतं. सकाळच्या घाईत माणूस जे जवळ असेल ते उचलतो. आपल्याकडे गाडी जिन्याखाली असते आणि बसचा थांबा दोन चौक ओलांडून, म्हणून आपण गाडीला किल्ली लावतो. इथे तो क्रम उलटा आहे, एवढंच. जर्मनी हा मोटारींचा देश, दर हजार माणसांमागे पाचशेहून अधिक मोटारी तिथे आहेत. वोबाँमध्ये त्या दोनशेच्याही आत आहेत.

भाचीकडे गाडी नाही. तसं तिने लिहून दिलंय. ही लिहून द्यायची भानगड ऐकली तेव्हा मी तिला दोनदा सांगायला लावली. राज्याचा बांधकाम कायदा म्हणत होता, प्रत्येक घरामागे एक पार्किंग हवंच. ज्यांना गाडी ठेवायचीच नाही त्यांनी पार्किंगचे पैसे का भरायचे? यावर तिथल्या लोकांनी वाट काढली. गाडीविना राहणाऱ्यांची एक संस्था काढली. अशा घराने संस्थेला एकदाच साडेतीन-पावणेचार हजार युरो द्यायचे. त्या पैशांतून संस्थेने वस्तीच्या कडेची एक जमीन घेऊन ठेवली. उद्या या सगळ्यांनी गाड्या घेतल्याच, तर त्या जागेवर पार्किंग बांधता येईल. कायद्याचं समाधान झालं. आणि तोवर?

तोवर तिथे गवत आहे. भाची मला त्या जागेवर घेऊन गेली. दोन बाया चटई टाकून बसल्या होत्या, एक रांगतं बाळ गवत उपटून तोंडात घालत होतं. मी वाकून त्या गवतावरून हात फिरवला. न बांधलेल्या पार्किंगची ती जागा होती, माणसांनी वर्गणी काढून मोकळी राखलेली.

मी पुण्यात तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. गुडघे, कंबर, लकव्यानंतरचे हातपाय. प्रत्येकाला व्यायाम लिहून देताना शेवटची ओळ ठरलेली असायची, रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते, तिचाच हा हिशोब. आणि समोरचं माणूस, विशेषतः साठीच्या पुढचं, कागद हातात घेऊन हमखास विचारायचं, "मॅडम, पण कुठे चालू?" मी म्हणायची, गच्चीवर चाला. गच्चीला कुलूप असायचं. मग म्हणायची, सोसायटीच्या आवारात चाला. आवारात गाड्या. उपाय बरोबर होता, औषध दुकानातच मिळत नव्हतं.

माझ्या आईचंही तसंच झालं. शहात्तराव्या वर्षापर्यंत ती रोज सकाळी देवळात आणि तिथून मंडईत जायची. जाता-येता चार जणींशी बोलायची, कोथिंबिरीवरून घासाघीस करायची, परत आली की तासभर त्याच गप्पा आम्हाला ऐकवायची. आमच्या गल्लीत फुटपाथ आहे, पण तो गुडघ्याला येईल एवढा उंच, आणि त्यावर कुठे विजेचा डबा, कुठे टपरी. फुटपाथची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नसावी असं आपल्याच देशाचं मानक सांगतं. आई अर्थातच रस्त्यावरून चालायची. एका सकाळी मागून आलेल्या गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला. ती पडली, मनगट मोडलं. गाडीवाला थांबला, त्यानेच तिला घरी आणून सोडलं, त्याच्यावर माझा राग नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. भीती जुळली नाही. त्यानंतर ती एकटी खाली उतरलीच नाही. मी तिला घरातल्या घरात चालवायची, सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत. बावीस पावलं. वळा, पुन्हा बावीस. मांडीचे स्नायू माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेले, पण त्याहून आधी तिच्या गप्पा आटल्या. आणणार कुठून गप्पा? तीन वर्षांत ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय.

म्हणून समोरच्या इमारतीतल्या आजींकडे माझे डोळे पुन्हापुन्हा वळायचे.

त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मुलगी इथे राहते म्हणून उतारवयात या वस्तीत आल्या. उजव्या खुब्यात अडचण आहे, ते चालीवरूनच मी ओळखलं. हाताशी चार चाकांचा वॉकर. त्याला पुढे जाळीची टोपली, मधे बसायला पट्टी आणि मुठीपाशी ब्रेक. रोज साडेनऊला त्या निघायच्या. पहिल्या दिवशी मी वरून पाहिलं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूने चालत गेले, आणि तीस वर्षांची सवय म्हणून नजर त्यांच्या पायांखाली ठेवली. इमारतीच्या दाराला उंबरा नाही. दारापासून गल्लीपर्यंत उतार इतका हलका की ब्रेक लागत नाही. गल्लीत फुटपाथ आणि रस्ता असे दोन भाग नाहीत, सगळी जमीन एका पातळीत. कुठे चाक उचलावं लागलं नाही. पन्नास-साठ पावलांवर बाक, मग झाडाभोवतीचा कट्टा, मग पुन्हा बाक. आजी दर वेळी बसायच्या नाहीत, पण पुढे बाक आहे हे ठाऊक असल्यामुळे निघायच्या. आमच्या धंद्यात आम्ही ताकद मोजतो, सांध्याचा कोन मोजतो. घराबाहेर पडायची हिंमत मोजायची पट्टी माझ्या हाती कधी आली नाही, आणि ती इथे कुणीतरी दर पन्नास पावलांवर जमिनीत रोवून ठेवली होती.

बेकरीपर्यंत आजींना वीस मिनिटं लागायची. त्यातली दहा बोलण्यात. एक पोर आपला पडलेला दात दाखवायला आलं. एका माणसाने खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं, आजींनी तितक्याच जोरात उत्तर दिलं. मला शब्द कळले नाहीत, पण तो सूर आमच्या मंडईतला होता.

मी आजींना भाचीमार्फत विचारलं, अ‍ॅम्ब्युलन्स लागली तर? गल्लीत गाडी येत नाही, मग काय करता? त्यांना प्रश्नच समजेना. मग लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, दोनदा आली की, अगदी दारात. वाटेत काहीच उभं नसतं ना. मला आमच्या शेजारच्या काकांची रात्र आठवली. अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी दिवा फिरवत उभी, आणि आम्ही चौघं जण घराघरांच्या घंट्या वाजवून पांढरी गाडी कुणाची, लाल कुणाची विचारत फिरत होतो. काका वाचले. पण तो सगळा वेळ मी त्यांचा हात धरून बसलेल्या काकूंकडे पाहू शकले नाही.

रहदारी आणि ओळखी यांचं नातं फार पूर्वी एका माणसाने मोजून दाखवलंय. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक. 1970 च्या सुमारास त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले एकसारखे तीन रस्ते घेतले. एकावर दिवसाला सुमारे 2,000 गाड्या, दुसऱ्यावर त्याहून बऱ्याच जास्त, तिसऱ्यावर 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तुफान रहदारीच्या रस्त्यावर एकसुद्धा भरत नव्हता. आपलं घर कुठवर पसरलंय याची रेषा काढायला सांगितली, तर शांत रस्त्यावरची माणसं अख्खा रस्ता घरात घ्यायची आणि गजबजलेल्या रस्त्यावरची आपल्या दाराशी थांबायची. याच अ‍ॅपलयार्डना 1982 मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने उडवलं. हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

वोबाँमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. जूनचा महिना, सूर्य साडेनऊला मावळायचा. जेवणं उरकून माणसं खाली यायची. कुणी खुर्ची घेऊन, कुणी वाटीत चेरी घेऊन. मी लहानपणी आजोळी पाहिलेली आळी अशीच असायची. खिडक्या उघड्या ठेवून झोपता यायचं. पहिल्या रात्री मला झोप लागेना, कारण शेजारच्या घरातला चमचा कपात फिरलेला ऐकू येत होता. पहाटे आपल्या कस्तुराच्या जातीचा एक काळा पक्षी समोरच्या छतावर गायचा, आणि तो पुरा ऐकू यायचा.

बुधवारी दुपारी चौकात बाजार भरायचा. आसपासच्या शेतांवरची भाजी, चीज, मध. आजी दोन टोमॅटो घ्यायला अर्धा तास लावायच्या. इथे मी जास्त काही सांगत नाही, बाजार कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

हे सगळं कुणी आखलं, असं विचारल्यावर भाचीने एका अधिकाऱ्याचं किंवा आर्किटेक्टचं नाव सांगितलं नाही. महापालिकेने जमीन मोठ्या बिल्डरांच्या घशात घातली नाही. छोटे तुकडे केले आणि राहणाऱ्यांच्या गटांना प्राधान्य दिलं. पाच-दहा-वीस कुटुंबांनी एकत्र यायचं, आर्किटेक्ट नेमायचा, आपली इमारत आपण बांधायची. भिंत उभी राहायच्या आधी शेजारी एकमेकांशी वर्षभर भांडून झालेले असायचे, त्यामुळे राहायला आले ते ओळखीचे होऊन. 1994 च्या सुमारास 'फोरम वोबाँ' ही नागरिकांची संस्था उभी राहिली, आणि आराखड्यावर लोकांचं म्हणणं मांडण्याचा अधिकार शहराने तिला रीतसर दिला. गाडीचं धोरण, हिरव्या पट्ट्यांत काय असावं, हे सगळं बैठकांतून ठरत गेलं. म्हणूनच एका पट्ट्यात वाळू आहे, एकात चढायचे दगड आहेत, एकात भट्टी आहे आणि कुठलेच दोन पट्टे सारखे नाहीत.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येऊन मिळतो. पॅट्रिक गेडीस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. भारतातली गावं पायी फिरून पाहताना ते सांगायचे, उपचाराआधी निदान करा, आणि कापायचंच तर कमीत कमी कापा. तेव्हाच्या सुधारणा म्हणजे जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढणं. गेडीस म्हणायचे, झाड, विहीर, कट्टा वाचवा आणि वस्तीला श्वास घ्यायला जागा करून द्या. दवाखान्यातली भाषा नगररचनेत वापरणारा हा माणूस आपल्या मुंबईत पाच वर्षं शिकवत होता, हे मला या वयात कळलं याची चुटपुट लागून राहिली आहे.

वोबाँत खोट नाही असं मी म्हणणार नाही. घरं महाग झाली आहेत, साध्या पगाराच्या माणसाला तिथे शिरकाव कठीण. शाळेच्या आवारात पाहिलं तर शिकल्यासवरल्या घरांतलीच मुलं जास्त. गाडी नाही असं लिहून द्यायचं आणि ती शेजारच्या वस्तीत नेऊन उभी करायची, असे लबाडही आहेत, आणि त्या शेजारच्या वस्तीने ते का सोसावं? इतकी चांगली जागा थोड्यांच्याच वाट्याला यावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. आजींच्या पायाखालची सपाट जमीन ही काही चैनीची वस्तू नाही.

निघायच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस आला. मी गॅलरीतून पाहत राहिले. छपरांचं, गल्लीचं पाणी गटारात गेलंच नाही. घरांमधल्या हिरवळीत बशीसारखे उथळ चर केलेत, पाणी वळून त्यांत उतरलं, गवताची पाती बुडाली, आणि तासा-दीड तासात जमिनीने ते सगळं पिऊन टाकलं. खडूचा साप वाहून गेला होता.

दुपारी ऊन पडलं तशी पोरं खाली आली. रस्ता वाळेपर्यंत त्यांना धीर नव्हता. भाचीच्या मुलाने ओल्या डांबरावरच खडूने दोन रेषा मारल्या, मधे पांढरे पट्टे ओढले, आणि त्याच्या मित्रांनी त्यावरून तीनचाकी गाड्या पळवायला सुरुवात केली. तो स्वतः मधोमध उभा राहिला, पोलीस होऊन. तेवढ्यात पलीकडच्या दारातून आजी निघाल्या. टोपलीत छत्री होती. पट्ट्यांपाशी त्या आल्या तशी त्याने उजवा हात सरळ वर केला. आजींनी दोन्ही ब्रेक दाबले. तीनचाक्या एकामागून एक गेल्या, शेवटची जरा रेंगाळत. मग त्याने हात खाली घेतला, बाजूला सरकून वाट दिली, आणि आजींची चार चाकं पांढऱ्या पट्ट्यांवरून सावकाश पलीकडे गेली.